थिएटर चालवायचं की पाडायचं, ते एकदा सांगून टाका

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी: मा. गृह विभाग, आणि मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

स.न.वि.वि.

मी गिरगावचा. ग्रँट रोडच्या पट्ट्यातल्या एका थिएटरात ऑपरेटर होतो, म्हणजे केबिनमध्ये मशीन चालवणारा. नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. थिएटर आता बंद आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका मालकाविरुद्ध किंवा एका थिएटरसाठी नाही.

लिहायचं कारण असं. अधूनमधून मंत्रालयातून बातमी येते की एक पडदा चित्रपटगृहांसाठी सरकार काहीतरी करणार आहे. कधी तिच्यात पुनरुज्जीवन असतं, कधी सवलत, कधी समिती. आम्ही जुने लोक ती बातमी कापून ठेवतो, आणि पुढे कधीतरी तीच बातमी नव्या तारखेने येते. दरम्यान शटर खाली असलेल्या थिएटरातून भंगारवाला मशीन उचलून नेतो. आमची दोन्ही मशीनं अशीच किलोच्या भावाने गेली. मला ते पटलं नाही, पण तक्रार कुठे करायची तेही कळलं नाही, कारण या विषयाचा सरकारात धनी कोण, हेच कोणी सांगू शकत नाही. परवाना गृह खात्याचा. इमारतीचे नियम महापालिकेचे. कर पूर्वी महसूल खात्याचा, आता जीएसटीचा. कला तेवढी तुमची. म्हणून तुम्हाला लिहितो, आणि उघड लिहितो, म्हणजे हे पत्र या टेबलावरून त्या टेबलावर जाताना हरवलं तरी लोकांनी वाचलेलं असेल.

आधी आमचा पट्टा कसला आहे ते सांगतो. मंत्रालयापासून टॅक्सीने फार वेळ लागत नाही, पण मधे बरंच काही गेलं आहे.

दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपणही असं करावं असं त्यांच्या मनाने घेतलं, ते १९११ साली, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी लागला, तो गिरगावच्या कोरोनेशनला. पुढच्या वर्षी ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी खुला झाला, तोही कोरोनेशनलाच. भारतातला पहिला चित्रपट यातला कुठला, हा वाद इथे काढत नाही. गिरगावकराचं दोन्हीकडून बरं आहे. १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' मॅजेस्टिकला लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, आणि चार आण्यांचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं म्हणतात. तो ज्यांनी काढला त्या अर्देशीर इराणींच्या इंपिरियल कंपनीचा स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ होता. म्हणजे चित्रपट तयार झाला तिथून चालत जाऊन तो पडद्यावर पाहता येत होता. १९३२ साली मराठी बोलपट आला. डिसेंबर १९३६ मध्ये प्रभातचा 'संत तुकाराम' सेंट्रलला लागला आणि वर्षाहून अधिक काळ हलला नाही. त्याच चित्रपटाचं पुढे व्हेनिसच्या महोत्सवात कौतुक झालं.

पलीकडे पिला हाऊस. एकोणिसाव्या शतकात त्या भागात नाटकाची थिएटरं होती, पुढे तिथे सिनेमाची आली: आल्फ्रेड, रॉयल, गुलशन, निशात, न्यू रोशन. ज्या रस्त्यावर ती उभी राहिली त्या फॉकलंड रोडला आज पठ्ठे बापूरावांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाला याच भागात माणसं लोटायची. लॅमिंग्टन रोडवर मिनर्व्हा, इंपिरियल, नाझ, स्वस्तिक, अप्सरा. नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. देशभर कुठला चित्रपट कुठे लागणार याचे सौदे तिथल्या जिन्यावर ठरायचे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मिनर्व्हाला 'शोले' लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिला. त्याच्या इंटरव्हलवर शेजारच्या वडेवाल्यांची घरं उभी राहिली.

एवढा मोठा इतिहास एवढ्याशा जागेत आहे. आता तक्रारी.

पहिली तक्रार ही की यातलं जागेवर काही दिसत नाही. मॅजेस्टिक १९७२ साली पाडलं. तिथे आता मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. त्या थिएटराच्या आसऱ्याने सुरू झालेल्या पुस्तकाच्या दुकानाने आणि पुढे प्रकाशनाने ते नाव मराठी घरांत जिवंत ठेवलं, सरकारने नव्हे. कोरोनेशन नेमकं कुठे उभं होतं, हे सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल रस्त्यावर, दहा जणांना विचारून पाहा. मी विचारलं आहे. एकाने मला वडापावच्या गाडीकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने 'कोरोना' ऐकलं.

यावर कोणी म्हणेल, इमारत गेली तर गेली, चित्रपट तर आहे ना? तो नाही. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'श्री पुंडलिक' नाही. 'राजा हरिश्चंद्र'चे तुकडे उरले आहेत. तेव्हा ज्या गोष्टीसाठी आपण गोरेगावच्या चित्रनगरीला फाळक्यांचं नाव दिलं, तिची फिल्मही हातात नाही आणि ती दाखवली ती जागाही नाही. उरली आहे फक्त तारीख. ती दरवर्षी तीन मेला तुमच्या खात्याच्या जाहिरातीत छापून येते.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि पत्राचा खरा विषय तीच आहे. सरकारने थिएटरांना अधांतरी ठेवलं आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत वर्षानुवर्षं असं बंधन आहे की थिएटर पाडून पुनर्विकास करायचा, तर नव्या इमारतीतही काही आसनांचं थिएटर ठेवलं पाहिजे. कागदावर नियम चांगला आहे. शहरातल्या करमणुकीच्या जागा एका फटक्यात दुकानं आणि फ्लॅट होऊन जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण घडतं काय? मालक म्हणतो, थिएटर चालवणं परवडत नाही आणि बंधनामुळे जागा विकताही येत नाही. मग तो शटर ओढतो आणि वाट पाहतो. नियम बदलेल याची वाट, इमारत धोकादायक ठरेल याची वाट, एखादं सरकार अपवाद करेल याची वाट. त्यात वर्षं जातात. पाऊस छतातून आत येतो, पडद्याला बुरशी धरते, खुर्च्यांचे कुशन उंदीर खातात. शेवटी महापालिका धोकादायक इमारतीची नोटीस लावते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. थिएटर वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने ते सावकाश मरतं, आणि मेल्याचा दाखलाही कोणी देत नाही.

मालक संघटनांनी हे बंधन काढा म्हणून अनेकदा मागणी केली. सरकारने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मंत्रिमहोदय, मी मालक नाही. बंधन काढलं तर माझ्यासारख्याला दमडीही मिळणार नाही, उलट उरलेली थिएटरंही जातील अशी भीती मला आहे. तरीही तुमच्या या गप्प बसण्यापेक्षा मला स्पष्ट नकार चालेल. नियम ठेवायचा असेल तर तो पाळला जातो का ते तपासा. जिथे जिथे थिएटर पाडून टॉवर उभे राहिले, तिथे अट घातलेलं थिएटर खरोखर चालू आहे का, की तो हॉल सोसायटीच्या गोदामासारखा पडून आहे, याची यादी तुमच्या खात्याने कधी केली असेल तर प्रसिद्ध करा.

तिसरी तक्रार कराची. इथे थोडं मागे जावं लागेल. २००१ साली राज्याने मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणलं आणि नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक शुल्क माफ केलं. नवा धंदा यावा म्हणून सवलत दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच वेळी शेजारचं जुनं थिएटर पूर्ण शुल्क भरत होतं. मुंबईत हे शुल्क पुढे कित्येक वर्षं ४५ टक्के होतं. गरिबाच्या तिकिटावर कर आणि श्रीमंताच्या तिकिटावर माफी, असा तो हिशेब. बुकिंग क्लार्क आम्हाला दाखवायचा: तिकिटाचे पैसे आले की शुल्क बाजूला, वितरकाचा हिस्सा बाजूला, वीजबिल बाजूला, मग पंखे दुरुस्त करायला काय उरतं ते तुम्हीच बघा. पंखे दुरुस्त झाले नाहीत म्हणून घरंदाज प्रेक्षक गेला, तो गेला म्हणून पैसे गेले, पैसे गेले म्हणून रात्रीच्या खेळांना नको ते चित्रपट लागले, आणि मग तुम्हीच म्हणालात की या थिएटरांचा दर्जा घसरला.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि करमणूक शुल्क गेलं. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. जीएसटी आल्यापासून स्वस्त तिकिटाला एवढी मोठी सूट पहिल्यांदाच मिळाली. पण शंभर रुपयांच्या आत तिकीट विकणारी थिएटरं उरलीत किती? औषध आलं, पण रोगी आधीच बाहेर काढून ठेवला होता.

चौथी तक्रार मराठी चित्रपटाची. तुमचं सरकार मराठी चित्रपट काढायला अनुदान देतं. फार चांगलं. तो दाखवायचा कुठे, यासाठी मात्र पैसा नाही. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला दुपारी बारा किंवा रात्री अकराचा खेळ मिळतो, पहिल्या शुक्रवारी गर्दी झाली नाही तर सोमवारी पोस्टर उतरतं, आणि मग निर्माते तुमच्या दारात उपोषणाला बसतात. हे दर दोन-तीन वर्षांनी होतं. १९७१ साली दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना तेव्हा केवढं रान उठलं, ते त्या वेळच्या लोकांना आठवतं. आज ते कोहिनूरही नाही. गिरणगावातलं भारतमाता मात्र तगलं. ती जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. गिरण्या बंद पडल्यावर थिएटरही जाणार असं झालं, तेव्हा परळ-लालबागच्या लोकांनी आणि कलावंतांनी ओरड केली म्हणून ते राहिलं. १९८२ च्या संपाने ज्यांची नोकरी गेली त्यांनी आपलं थिएटर वाचवलं. सरकारने त्यात काय केलं असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर असं की सरकार आड आलं नाही. एवढं सगळीकडे करा, म्हटलं तरी पुष्कळ झालं.

आता पाचवी. ही तक्रार माझी स्वतःची आहे, तेव्हा थोडी लांबेल.

आमच्या वेळी केबिनमध्ये दोन मशीनं असत. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. त्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्याला चेंजओव्हर. खालच्या माणसाला कळता कामा नये की चित्रपट एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला. उजेड कार्बनचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यात विजेची कमान पेटते, मागचा आरसा तो उजेड फिल्मवर फेकतो. कांड्या जळतात तसं त्यांचं अंतर जुळवत राहायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या सगळ्यात स्वस्त खुर्च्यांतून, शिट्ट्या येतात. धूर धुराड्यातून वर जायचा, पण सगळा नाही. उरलेला आमच्या छातीत. मे महिन्यात केबिनमध्ये बनियनवर काम करायचो. कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची. तिकडचं रीळ संपलं की पोऱ्या सायकलवर डबा टाकून आमच्याकडे आणायचा. ट्रॅफिकमध्ये अडकला की आम्ही जाहिरातीच्या स्लाइड दाखवत बसायचो आणि मॅनेजर जिन्यात उभा राहून देव आठवायचा.

या कामासाठी सरकारने परीक्षा घेऊन लायसन दिलं होतं. थिएटरात प्रेक्षकांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून सरकारला माझी पात्रता तपासावी वाटली, हे मला तेव्हाही बरोबर वाटलं. पोलिसांचा माणूस परवान्याच्या नूतनीकरणाला यायचा, खुर्च्या मोजायचा, दारं उघडतात का बघायचा, लाल बादल्यांत वाळू आहे का बोट घालून पाहायचा. मग उपग्रहावरून डिजिटल चित्रपट यायला लागला. मशीन बंद झालं, ऑपरेटर बंद झाला. ते काळाप्रमाणे झालं, त्याबद्दल रडणं नाही. पण इतकी वर्षं नियम लावणाऱ्या सरकारने जाताना एकदा तरी विचारायचं होतं की बाबा, तुझ्याकडे काय ज्ञान आहे, ते कुठे लिहून ठेवलंय का? डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, पोस्टर रंगवणारे, गाण्यांच्या चोपड्या विकणारे, बायकांच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाई, यांतलं कोणीच कुठल्या कागदावर नाही. थिएटर बंद झालं तेव्हा आमच्यातल्या काहींना ग्रॅच्युइटीसाठी कोर्टात जावं लागलं, आणि काही निकाल लागायच्या आधी गेले.

इथे एक बाजूची गोष्ट. धोबी तलावापासून चालत गेलं की मरीन लाइन्सला लिबर्टी आहे, १९४९ चं. आतली सजावट वामन मोरेश्वर नामजोशी यांची. याच नामजोशींनी पुढे जयपूरचं राजमंदिर उभं केलं, ते १९७६ मध्ये सुरू झालं. जयपूरला गेलेला आपला मराठी माणूस हवामहल पाहून झाला की राजमंदिरात चित्रपट पाहायला जातो आणि फोटो काढून पाठवतो. ते थिएटर एका मराठी माणसाच्या डोक्यातून आलं, हे त्याला कोणी सांगत नाही. राजस्थानात पर्यटकाला दाखवायला थिएटर चालतं. आपल्याकडे २०१८ साली युनेस्कोने दक्षिण मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटलं, त्यात रीगल आणि इरॉस आहेत. ग्रँट रोडवरच्या थिएटरांना अशी गोरी पावती मिळालेली नाही, म्हणून ती कोणाची नाहीत.

राज्यात इतरत्रही फार वेगळं नाही. पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह आर्यन, मंडईजवळ, १९१५ साली सुरू झालं. १९८३ ला बंद पडलं. आज त्या जागी गाड्या लावतात. पुण्याच्याच कॅम्पात, तेव्हाच्या कॅपिटॉल थिएटरात, २४ जानेवारी १९४३ रोजी क्रांतिकारकांनी बॉम्ब फोडले. थिएटर हे नुसतं हसण्या-रडण्याचं ठिकाण नव्हतं, एवढं यावरून लक्षात यावं.

आता माझं एक मत, जे आमच्या मंडळींना आवडणार नाही. सगळी थिएटरं वाचवू नका. काही थिएटरं वाईटच होती. संडासात जाववत नव्हतं, बाईमाणूस एकटी येऊ शकत नव्हती, आवाज भिंतीत घुमायचा, एक्झिटचं दार साखळीने बांधलेलं असायचं. हजार-बाराशे खुर्च्यांचं थिएटर आज भरणार नाही, हे मलाही कळतं. जे गेलं त्याच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी पुष्कळ जण गेल्या वीस वर्षांत तिथे फिरकलेले नसतात, हेही मी केबिनच्या भोकातून पाहिलेलं आहे. पण कुठलं ठेवायचं आणि कुठलं जाऊ द्यायचं, हे कोणीतरी डोळे उघडे ठेवून ठरवलं पाहिजे. आज ते बिल्डर आणि पाऊस ठरवतात.

आणि होत नाही असं म्हणू नका. आमच्या डोळ्यांसमोर रॉयल ऑपेरा हाऊस आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, बालगंधर्वांपासून पृथ्वीराज कपूर यांच्यापर्यंत सगळे तिथे उभे राहिले, पुढे चित्रपट, आणि १९९३ ला टाळं. ते खंडहर झालेलं आम्ही रोज पाहत होतो. वारसा यादीत असल्यामुळे ते पाडता आलं नाही. मालकाने वास्तुविशारद नेमून दुरुस्ती केली आणि २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. दुसऱ्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. राजघराण्याची मालमत्ता होती म्हणून जमलं, असं म्हणाल. खरं आहे. पण यादीत नसती तर राजघराण्यालाही टॉवर बांधायचा मोह झाला असता.

तर मागण्या. त्यांत अशक्य काही नाही, काहींना तर पैसेही लागत नाहीत.

एक. राज्यातल्या चालू, बंद आणि पाडलेल्या सगळ्या एक पडदा चित्रपटगृहांची यादी करा आणि ती लोकांसाठी खुली ठेवा. वर्ष, जागा, आसनं, आजची स्थिती. ही माहिती नव्याने शोधावी लागणार नाही. परवान्यासाठी प्रत्येक थिएटरची फाइल पोलीस आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कचेरीत होती. त्यात नकाशे आहेत, खुर्च्यांचे आकडे आहेत, तपासणीचे शेरे आहेत. त्या फायली मुदत संपली म्हणून रद्दीत जाण्याआधी पुराभिलेख विभागाकडे द्या. या एका आदेशाला एक सही पुरते.

दोन. पुनर्विकासाच्या अटीवर निर्णय घ्या. माझं म्हणणं विचाराल तर अट ठेवा, पण दोन-तीनशे खुर्च्यांचा, खरोखर चालेल असा हॉल मागा, त्याला रस्त्यावरून वेगळं दार मागा, आणि तो चालू झाल्याशिवाय वरच्या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. नसेल ठेवायची तर काढून टाका आणि तसं जाहीर सांगा.

तीन. जे थिएटर शंभर रुपयांच्या आत तिकीट विकतं आणि वर्षातले ठरावीक आठवडे मराठी चित्रपट लावतं, त्याला मालमत्ता करात आणि वीजदरात सवलत द्या. चित्रपट काढणाऱ्याच्या अनुदानातला थोडा भाग दाखवणाऱ्याकडे वळवला तरी सुरुवात होईल. सवलत घेऊन संडास नीट नसेल तर ती काढूनही घ्या.

चार. कोरोनेशन, मॅजेस्टिक आणि अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस जिथे होते तिथे मराठीत नीट मजकूर असलेल्या पाट्या लावा. जागा जाणकारांकडून पक्क्या करून घ्या, घाईने चुकीच्या भिंतीवर ठोकू नका. उद्घाटनाला फीत कापायची असेल तर कापा, आमची हरकत नाही.

पाच. कुठल्याही थिएटरला पाडायची परवानगी देताना आधी त्याचं मोजमाप, नकाशा आणि आतबाहेरचे फोटो घेतले गेले पाहिजेत. मशीन, लॅम्पहाऊस, रिळांचे डबे, तिकिटांची पुस्तकं, रंगवलेली पोस्टरं भंगारात जाण्याआधी सरकारी माणसाने पाहिली पाहिजेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. पेडर रोडवर भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ पासून आहे. दोन्ही केंद्राची, मान्य. एक पत्र पाठवून त्यांना टेम्पो पाठवायला सांगणं राज्याला जमण्यासारखं आहे. आणि एखादं कार्बनचं मशीन चालू स्थितीत ठेवा. शिकवायला माणसं आहेत अजून, पण वयाने सगळी पुढे गेली आहेत.

सहा. थिएटर बंद करायची परवानगी देताना कामगारांची देणी दिल्याचा दाखला मागा. पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला मागता, तसाच.

शेवटची मागणी पुढच्या समितीबद्दल. एक पडदा थिएटरांसाठी पुन्हा कधी समिती नेमाल, आणि नेमालच, तेव्हा तिच्यात निर्माते, मालक, अधिकारी असतीलच. त्यांच्या जोडीला एक ऑपरेटर, एक डोअरकीपर आणि पिटाचं तिकीट काढून चित्रपट पाहणारा एक माणूस घ्या. आम्हाला मानधन नको. बैठक दुपारी तीनच्या आत संपवा, म्हणजे ज्यांची नोकरी अजून शाबूत आहे त्यांना मॅटिनी सांभाळून येता येईल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
गिरगाव, मुंबई